एकशेवीस ग्रॅमच्या आतलं संत्रं

त्या वर्षी मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते. घर अकोल्यात. सकाळची गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने कॉलेज, आणि दुपारी तसंच उलट. परतीच्या गाडीत बडनेऱ्याला क्वचितच बसायला मिळे. मूर्तिजापूरला डबा थोडा रिकामा झाला की मी खिडकीशी सरकायची आणि पिशवीतून पेपर काढून तपासायला घ्यायची. गाडीच्या हेलकाव्याने लाल पेनाच्या खुणा वेड्यावाकड्या व्हायच्या. पोरं म्हणायची, मॅडमची बरोबरची खूण आणि चुकीची खूण सारखीच दिसते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कंटिन्युअस डिस्ट्रिब्यूशनचं प्रकरण होतं. नाणी, फासे, पत्ते इथवर मुलं खुशीत असतात, कारण तिथे मोजता येतं. फाशाच्या सहा बाजू, चौकटची तेरा पानं, चार इक्के. मग एकदम वजन, उंची, वेळ अशा गोष्टी येतात, ज्या मोजायच्या नसतात, मापायच्या असतात. एखादी नेमकी किंमत येण्याची शक्यता शून्य असते, असं मी फळ्यावर लिहिलं की वर्ग माझ्याकडे बघत राहायचा. कोणी विचारत नसे. वहीत उतरवून घेत आणि पुढच्या पानावर जात. मीही फार थांबत नसे. गणितं सोडवायची पद्धत पक्की करून घ्यायची, एवढंच माझं धोरण होतं. आधी घंटेसारखं चित्र काढा. मध्ये सरासरी लिहा. हवा तो भाग पेन्सिलीने रंगवा. मग किमतीतून सरासरी वजा, भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे झेड, आणि टेबल बघा. टेबलमध्ये मध्यापासूनचं क्षेत्रफळ दिलंय की डावीकडचं सगळं, ते आधी पाहा. निम्मी मुलं तिथेच घसरायची.

पुस्तकातली गणितं बल्बांची होती. बल्बचं आयुष्य इतके तास, किती टक्के बल्ब लवकर जातील. चाचणीचा पेपर काढताना मला वाटलं, आपण वऱ्हाडात बसून बल्बचं काय घेऊन बसलोय? म्हणून मी संत्री घातली. वरूडच्या संत्र्यांचं वजन नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनप्रमाणे आहे, सरासरी दीडशे ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन वीस ग्रॅम. ग्रेडिंग करून भरलेल्या पेटीतून एक संत्रं काढलं, तर ते एकशेवीस ग्रॅमपेक्षा कमी असण्याची शक्यता काढा. पाच गुण. 'ग्रेडिंग करून भरलेल्या' हे शब्द मी केवळ जाणकार वाटावं म्हणून टाकले होते. संत्रं मला माहीत होतं ते बाजारातल्या ढिगावरचं आणि सोलून खाण्याचं.

उत्तर सोपं होतं. एकशेवीस उणे दीडशे, भागिले वीस, म्हणजे उणे दीड. टेबलमधून शून्य दशांश चार तीन तीन दोन. अर्ध्यातून वजा केलं की शून्य दशांश शून्य सहा सहा आठ. शंभरात साधारण सात संत्री.

एका मुलीने उत्तर लिहिलं होतं, शून्य.

चित्र नव्हतं, टेबल नव्हतं. उत्तराखाली इंग्रजीत एक ओळ होती, की ग्रेडिंगमध्ये लहान माल वेगळा काढतात. आणि समासात बारीक अक्षरात मराठीत, 'पेटीत चुरी टाकत नाहीत.' चुरी म्हणजे बारीक संत्री, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्यावर आडवी रेघ मारली आणि पाचापैकी शून्य दिले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली. तिसऱ्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. अमरावतीला वसतिगृहात राहायची, गाव वरूडकडचं.

"मॅडम, मले शून्य कावून देले?"

"पद्धत कुठे आहे तुझी? झेड काढलं नाहीस, टेबल वापरलं नाहीस."

"पण तुमीच लिहिलं ना, ग्रेडिंग केलेली पेटी. झाडावरचे संत्रे म्हटले असते तं मी काढलं असतं. ग्रेडिंग झाल्यावर ते घंटीवाणी चित्र राहातच नाई. डावीकडचं कापल्या जाते."

"परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहायचं असतं," मी म्हणाले. "आणि बोलताना जरा नीट बोल. उद्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील, त्यांच्यापुढेही 'कावून देले' म्हणणार आहेस का?"

तिने पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि ती गेली.

'नीट बोल' असं मी का म्हणाले, ते त्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर उभी असताना माझं मलाच कळलं. मी एम.एस्सी.ला पुण्याला होते. पहिल्याच सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, काम कुठवर आलं? मी म्हणाले, "करून राहिली आहे." माझ्या वऱ्हाडी बोलीला सगळा वर्ग हसला, वाईट हेतूने नव्हे, पण हसला. त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक वाक्य तोंडात फिरवून मग बाहेर काढलं. स्वतःचं काही सांगण्यापेक्षा पुस्तकातलं सांगितलेलं बरं, ही सवय तिथलीच. परत आले तेव्हा घरी 'मले, तुले' बोलायची आणि वर्गात शिरले की 'मला, तुला'. त्या मुलीने उत्तर चुकवलं होतं म्हणून मी चिडले नव्हते. तिचं बोलणं ऐकून मी दचकले होते.

घरी जाऊन मी गणित पुन्हा मांडलं. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. वजनाप्रमाणे माल निवडला आणि एकशेवीसच्या आतला सगळा काढून टाकला, तर पेटीत त्या वजनाचं संत्रं मिळण्याची शक्यता शून्यच. माझा प्रश्नच चुकीचा होता. बाकीच्या मुलांनी चुकीच्या प्रश्नाला माझं उत्तर दिलं होतं. हिने प्रश्न वाचला होता.

सोमवारी मी विभागप्रमुख सरांकडे गेले. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी पेपर वाचला, चष्मा वर सरकवला आणि समासातली ओळ पुन्हा वाचली.

"तुम्ही ग्रेडिंग पाहिलंय कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मीही नाही पाहिलं. इतकी वर्षं इथे काढली." मग म्हणाले, "गुण बदलायचे तर बदलू. अर्ज द्या. पण मला विचाराल तर आधी जाऊन पाहून या."

मी तिला वर्गाबाहेर गाठलं. माफ कर, असं सरळ म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "तुझ्या गावी ग्रेडिंग बघायला मिळेल का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी चेष्टा करतेय का, याचा अंदाज घेत असावी.

"आई तिथंच काम करते," ती म्हणाली. "ग्रेडिंगवर. या ना तुमी रविवारी."

जानेवारी होता, हिवाळ्यात निघणारा आंबिया बहाराचा माल संपत आला होता. मी शनिवारी अमरावतीला मैत्रिणीकडे मुक्काम केला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून छोटा काटा मागून घेतला होता, अर्धा किलोपर्यंत वजन करणारा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला आणि रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. मोर्शी मागे पडलं तसा रस्त्याला संत्र्याच्या क्रेटांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. ती खिडकीतून बघत होती. एकदा म्हणाली, "मॅडम, तुमाले वाटलं असन, पोरगी उद्धट आहे."

"नाही," मी म्हणाले. "मले वाटलं, माझ्यासारखी आहे."

ती हसली. मी 'मले' म्हटलं म्हणून हसली, की दुसऱ्या कशाला, ते विचारलं नाही.

पॅकिंगचं ठिकाण म्हणजे मोठी पत्र्याची शेड. एका बाजूला जमिनीवर संत्र्यांचा ढीग, मध्ये मशीन, दुसऱ्या बाजूला पेट्या भरणाऱ्या बाया. तिची आई मशीनच्या तोंडाशी उभी होती. डोक्याला पंचा, हातात कापडी मोजे, पंचेचाळिशीच्या आसपासची बाई. आम्हाला बघून तिने मोजे काढले, हात पुसले आणि आधी चहा सांगितला.

"पोरीनं सांगतलं मले," ती म्हणाली. "पेपरात शून्य लिहिलं म्हणे हिनं."

"काकू, मीच चुकले होते. ते सांगायलाच आलेय."

"थांबा, आधी पाहून तं घ्या. मंग सांगा कोण चुकलं ते."

मशीन पाहिलं आणि माझ्या पुस्तकी डोक्याला पहिला धक्का बसला. संत्री फिरत्या रुळांवरून सरकतात आणि रुळांमधली फट पुढे पुढे रुंद होत जाते. बारीक फळ आधी खाली पडतं, मोठं पुढे जाऊन पडतं. म्हणजे मशीन फळाचं आकारमान बघतं. वजन ते बघतच नाही.

मी मुलीकडे पाहिलं. तिचाही चेहरा बदलला होता. लहानपणापासून ती या शेडमध्ये येत होती, पण हा फरक तिच्याही डोक्यात कधी आला नव्हता.

"काकू, मोठं दिसतं पण वजनाला हलकं, असं संत्रं असतं का?"

"भरपूर असते. पोचट म्हंतो आमी त्याले. साल फुगलेली, आत फोडी बारीक." तिने ढिगातून दोन संत्री उचलली, न बघता, आणि माझ्या दोन हातांवर ठेवली. दिसायला सारखीच. एक जड, एक हलकं. "मशीनले हे समजत नाई. आमच्या हाताले समजते. पण दिवसभर हात चालवायचा म्हटल्यावर काही निसटतातच."

मग आम्ही वजनं करायला बसलो. आधी ढिगातली दोनशे, मशीनमध्ये न गेलेली. मुलगी वजन वाचायची, मी वहीत लिहायची. मग भरलेल्या पेट्यांतली दोनशे. तिथल्या मालकांची परवानगी काकूनेच काढली होती. मालकांनी एकदा येऊन पाहिलं, "कॉलेजच्या मॅडम हायेत का? करा, करा," म्हणाले आणि गेले.

मध्येच काकू आमच्या काट्याशी येऊन उभी राहिली. पोरीने तिला गेल्या सुटीत सांगितलं होतं म्हणे, की बरोबर दीडशे ग्रॅमचं संत्रं मिळण्याची शक्यता शून्य असते.

"हे मले पटत नाई," ती म्हणाली. आणि शेडच्या मोठ्या काट्यावर एक संत्रं ठेवलं. काट्यावर १५० आलं. "हे घ्या. दीडशे. आता?"

मी ते संत्रं उचलून आमच्या छोट्या काट्यावर ठेवलं. १४८.६. तिने परत ठेवलं. १४८.५. शेडच्या दारातून वारं येत होतं, शेवटचा आकडा एका जागी राहीना.

"तुमचा काटा दहा-दहा ग्रॅमने दाखवतो," मी म्हणाले. "एकशेपंचेचाळीस ते एकशेपंचावन्न, सगळ्यांना तो दीडशेच म्हणतो. माझा काटा जरा बारीक दाखवतो. याहून बारीक काटा आणला तर आणखी एक आकडा निघेल. नेमकं दीडशे कधीच निघणार नाही. दीडशेच्या आसपासचं निघेल. म्हणून आम्ही नेहमी इथपासून तिथपर्यंत असं विचारतो."

तिने संत्रं काट्यावरून उचलून हातात तोललं.

"म्हंजे काटा थांबते," ती म्हणाली. "वजन थोडंच थांबते."

तीन वर्षं मी ही गोष्ट फळ्यावर लिहीत होते. इतक्या थोड्या शब्दांत मला ती कधी सांगता आली नव्हती. शेजारी बसलेल्या मुलीने वजन वाचायचं सोडून आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात जे होतं, त्याला मी अभिमान म्हणेन, पण थोडं आश्चर्यही होतं.

दुपारी जेवण झालं. भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मग शेडच्या बाहेर उन्हात बसून आम्ही दोघींनी वहीतल्या वजनांचे गट पाडले आणि आलेखाच्या कागदावर खांब काढले. ढिगातल्या संत्र्यांचं चित्र खरंच घंटेच्या जवळ गेलं, फक्त उजवीकडे थोडं लांबलेलं. पेटीतल्या संत्र्यांचं चित्र डावीकडे एकदम खाली आलेलं. एकशेवीसच्या आत ढिगात अठरा होती. पेटीत मुलीच्या हिशेबाने एकही असायला नको होतं. निघाली पाच.

ती पाचही तिने पेटीतून पुन्हा शोधून काढून आणली. साल ढिली, मोठी, देखणी संत्री. पोचट.

"म्हंजे माझंही चुकलं," ती म्हणाली.

"तुझं माझ्यापेक्षा कमी चुकलं."

"चुकलं तं चुकलंच ना, मॅडम." तिने पेन्सिलीने आपल्याच कागदावर शून्य लिहून ते खोडलं. तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट दिवसभरात पहिल्यांदाच ती मोकळी दिसत होती. मग तिने विचारलं, "पण समजा मशीननं वजनच पाहिलं असतं, आणि एकशेवीसच्या आतले सगळे काढले असते, तं उरलेल्यांत एकशेसत्तरच्या वरचे किती? ते तं टेबलवरून निघन ना?"

"तूच काढ."

तिने काढलं. एकशेसत्तरच्या वरचा भाग शून्य दशांश एक पाच आठ सात. पण आता एकूण भाग एक उरला नव्हता, शून्य दशांश नऊ तीन तीन दोन उरला होता. म्हणून भागाकार. सतरा टक्क्यांच्या किंचित वर. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे गणित नव्हतं. मी तिला शिकवलं नव्हतं. कापून टाकल्यावर जे उरतं, तेच आता पूर्ण धरायचं, हे तिला त्या शेडमुळे आपोआप ठाऊक होतं.

बुधवारी मी वर्गात दोन्ही चित्रं फळ्याला चिकटवली. प्रश्न माझा चुकला होता, हे सांगितलं. समासातली ओळ वाचून दाखवली आणि ती कोणाची हेही सांगितलं. मग पोचट संत्र्यांचं सांगितलं. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, "मग मॅडम, सगळ्यांचंच चुकलं म्हणायचं."

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांचंच चुकलं. पण ही एकटी विचार करून राहिली होती."

कोणी हसलं नाही. त्या वर्गात तसं बोलणं सगळ्यांचंच होतं.

सरांच्या सल्ल्याने तो प्रश्न रद्द केला आणि बदल्यात नवा दिला. ढिगातली खरी वजनं देऊन सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, नॉर्मल धरून उत्तर काढायचं, आणि ते प्रत्यक्ष मोजलेल्याशी किती जुळतं ते लिहायचं. नवा प्रश्न तपासताना मला गाडीत दोन दिवस जास्त लागले, कारण प्रत्येकाने उत्तराखाली काही ना काही लिहिलं होतं. एकाने वडिलांच्या दुकानातल्या गुळाच्या भेल्यांबद्दल, एकीने परतवाड्याच्या जीपची वाट बघण्याबद्दल. सगळंच बरोबर नव्हतं. पण मी कशावरही आडवी रेघ मारली नाही, खाली प्रश्न लिहून परत दिलं.

ती मुलगी त्या वर्षी वर्गात पहिली आली नाही. तिसरी आली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तिला विचारलं, नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन कुठे लागू पडत नाही? ती पंधरा मिनिटं बोलत होती, म्हणे. बाहेर आली तेव्हा मी दारातच होते.

"कसं झालं?"

"झालं चांगलं. मॅडम, मी घाईत 'कापल्या जाते' म्हणून गेली."

"मग?"

"त्या बाई म्हणाल्या, आमच्या यवतमाळकडंही असंच म्हणतात."

पुढे तिने नागपूरला एम.एस्सी. केलं. आता एका कृषी संशोधनाच्या कामात आहे, फळांच्या नमुन्यांची मापं घेते, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असते. तिची आई गुडघ्यांमुळे मशीनवर उभी राहत नाही, पेट्या तपासायचं काम बसून करते. दोन वर्षांपूर्वी वरूडला एका लग्नाला गेले होते, तेव्हा शेडमध्ये डोकावले. तिने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं आणि नव्या मशीनची तक्रार सांगितली. नवं मशीन फळाचा फोटो काढून रंग बघतं आणि वजनही करतं. पोचट माल आता बराच बाजूला पडतो.

"मग चांगलंच झालं ना, काकू?"

"चांगलं आहे," ती म्हणाली, "पण वरून लाल दिसते ते सगळं हे मशीन गोड धरते." आणि तिने पेटीतून एक संत्रं उचलून, अंगठ्याने दाबून, माझ्यासाठी बाजूला ठेवलं.